डेव्हनींचं चौथं मत

साउथ स्क्रँटन, पेनसिल्व्हेनिया
रविवार, १३ मार्च १९८३

कॉन,

चार वर्षांपूर्वी, यूजीनच्या शेवटच्या दिवसांतल्या त्या सकाळी मी आधी तळघरातली भट्टी चेतवली, मग दारापुढच्या पायऱ्यांवर मीठ टाकलं. वर येऊन यूजीनची चादर बदलली. आधी त्याला डावीकडे वळवायचं, मग उजवीकडे. तुमच्या बाबांनी शिकवलेली पद्धत. अंत्यविधीच्या धंद्यात ते शवांखालची चादर अशी काढायचे. जिवंत माणसाखालची काढताना हात जरा जास्त हलका ठेवायचा, एवढाच फरक. ओटची पेज केली, ती त्याने दोन चमचे खाल्ली. रेडिओ लावला. आदल्या दिवशीच्या सामन्याचा निकाल ऐकून तो म्हणाला, "हरले ना? बरं झालं. मी मेल्यावर जिंकायला लागले तर मात्र मला राग येईल."

कॉन, लागलेत! जिंकायला लागलेत!

ओळीने अकरा सामने. आपले ब्रेकर्स! तू गोलमध्ये उभा होतास तेव्हाही आठच्या पुढे गेले नव्हते. काल सेंट पॅट्रिकची मिरवणूक होती आणि पोरं ट्रकवर उभी होती, तर बायका खिडक्यांतून घराच्या किल्ल्या वाजवत होत्या. कोळशाच्या खाणी बंद झाल्या, माझी लेसची गिरणी आता चार दिवस चालते, पण काल या रस्त्यावर कुणाला विचारलं असतंस, "काय चाललंय?" तर एकच उत्तर मिळालं असतं: "अकरा!"

आपला गोलरक्षक स्टॅन व्होइचिक. चौतीस वर्षांचा, दोन्ही गुडघे गेलेले, उभा राहताना दाराच्या बिजागरीसारखा कुरकुरतो. पण चकती त्याच्यापुढून जात नाही म्हणजे नाही. तू पाहायला हवास.

आता खरं कारण लिहिते. तुला माझं पत्र चार वर्षांत पहिल्यांदाच येतंय, ते काही व्होइचिकचे गुडघे कळवायला नाही.

तुझ्या भावाने, डेझमंडने संघाला गिऱ्हाईक आणलंय. फिनिक्सचा एक माणूस, घरं बांधून विकणारा. त्याला संघ हवाय आणि तो संघ तिकडे नेणार. वाळवंटात बर्फावरची हॉकी! मी डेझमंडला म्हटलं, "तिथे पोरांना स्वतःच्या घामाच्या डबक्यात चकती ढकलावी लागेल." तो हसला नाही. हल्ली हसत नाही.

शनिवारी, १६ एप्रिलला टेबल आहे, घरच्यांच्या मतदानाचं. बाबांनी मृत्युपत्रात काय लिहिलंय ते तुला पाठ असेल, तरी लिहिते, कारण त्यावरच सगळं आहे. चार मुलं, चार समान वाटे. संघ विकायचा तर चारांतल्या तिघांनी हो म्हणायचं, तेही याच स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून. आणि जो येणार नाही, त्याचं मत हजर असलेल्यांत जो थोरला, त्याच्या मताला जोडायचं. ते म्हणायचे ना, "माझ्या धंद्यात शवपेटीतला माणूस सोडून सगळ्यांना हजर राहावं लागतं."

यूजीन गेला, बायको म्हणून त्याचा वाटा माझ्याकडे. माझं मत 'नाही'. आता थोरला डेझमंड, त्याचं हो. बर्नडेटही हो म्हणणार असं दिसतंय. तू आला नाहीस तर तुझंही हो धरणार. झाले तीन.

तू येऊन बसलास आणि 'नाही' म्हणालास, तर संघ इथे राहतो. एवढंच आहे.

फोन करत नाही. तुझा आवाज ऐकला की मी नीट बोलणार नाही, हे मला माहीत आहे.

रोझलीन

*

शुक्रवार, १८ मार्च

कॉन,

बारा! काल रात्री बारा झाले, तेही चार-शून्य. व्होइचिकने एक चकती मानेने अडवली. मानेने! डॉक्टर पळत आला तर हा त्याला म्हणतो, "आधी गोल झाला का ते सांग."

बर्नडेट माझ्या शेजारी होती. तुला तुझी बहीण माहीतच आहे. पंचेचाळीस वर्षं नन आहे, पहाटे चारला उठून प्रार्थना करते, आणि पंचाने आपल्या पोराला बाहेर बसवलं तेव्हा तिच्या तोंडून जे निघालं ते मी इथे लिहिणार नाही. पुढच्या रांगेतला माणूस वळून म्हणाला, "सिस्टर, हे आम्ही कबुलीजबाबात सांगायचं की तुम्ही?"

मध्यंतरात तिला विचारलं, "एवढं प्रेम आहे तर विकतेस कशाला?"

"रोझ, आमच्या इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात बावीस खाटा आहेत आणि मुलं एकतीस. नऊ जण चाकांच्या ढकलगाड्यांवर झोपतात. पाऊस आला की चार खाटा सरकवायच्या. तू मला सांग, बर्फावर काठ्या आपटणारे मोठे बाप्ये वाचवू की ती नऊ पोरं?"

"दोन्ही."

"दोन्ही देव करतो. मी फक्त त्याच्याकडे नोकरीला आहे."

 याचं उत्तर तुला सुचेल तर घेऊन ये. डेझमंडही वाईट नाही, कॉन. स्टेडियमचं छप्पर गळतं, तो नऊ वर्षं स्वतःच्या वकिलीतून ठिगळं लावतोय आणि त्याबद्दल कुणी त्याला धन्यवाद म्हटलेलं नाही. मीही नाही.

तुझं उत्तर नाही. समुद्रापार मेयोहून पत्राला आठ दिवस लागतात असं पोस्टातली बाई म्हणते, म्हणून मी अजून वाट पाहण्याच्या हद्दीत आहे.

वाचनालयातून समुद्रप्रवासाची एक जाडी कादंबरी आणली आहे. यूजीन गेल्यापासूनची एकशे चाळिसावी. चौदाव्या वर्षी शाळा सोडून गिरणीत गेले तेव्हा वाटलं होतं, पुस्तकं संपली. आता संध्याकाळी दिवा लावून वाचते आणि चांगलं वाक्य आलं की मान वर करून त्याच्या खुर्चीकडे पाहते. सवय आहे, जात नाही. जावी असंही वाटत नाही.

रोझलीन

*

शनिवार, २६ मार्च

कॉन,

आज मी एक गाढवपणा केला आणि तो फक्त डेव्हनींच्या घरातलंच माणूस करू शकतं.

टॉम रॅफ्टरी वारला. चौदावा विभाग, सहावी रांग, एकतीस वर्षं. आपला रिवाज: वर्षाचं तिकीट असलेलं कुणी गेलं की आपल्यापैकी एकाने दर्शनाच्या रांगेत उभं राहायचं, शवपेटीपाशी गुडघे टेकायचे आणि घरच्यांच्या कानात सांगायचं, "खुर्ची तुमचीच आहे." फुलं नाहीत, वर्तमानपत्रवाले नाहीत. यूजीनने हे शेवटच्या हिवाळ्यापर्यंत केलं. आता मी करते.

दर्शन बाबांच्या जुन्या अंत्यविधीगृहातच होतं. जागा विकून सहा वर्षं झाली, पण दोन्ही दालनं तशीच आहेत. बाबा तिकीटवाल्यांना नेहमी डाव्या दालनात ठेवायचे, तिथून बर्फाच्या मैदानाचा भोंगा ऐकू येतो म्हणून. मी तीस वर्षांच्या सवयीने डावीकडे वळले. नव्या मालकाला हे कुणी सांगितलंय? तो जो आधी येईल त्याला डावीकडे ठेवतो.

चष्मा पर्समध्ये होता. मेल्यावर माणूस तसाही जरा अनोळखी दिसतो. मी गुडघे टेकले, प्रार्थना म्हटली, उठले आणि काळ्या कपड्यातल्या बाईचा हात धरून म्हणाले, "खुर्ची तुमचीच आहे. तुम्ही आहात तोवर, आणि नंतर मुलांची."

"कसली खुर्ची?"

"ब्रेकर्सची. चौदावा विभाग."

"बाई, माझा नवरा प्लंबर होता. त्याने आयुष्यात एक सामना पाहिला नाही. तुमचा भोंगा वाजला की खिडकी लावून घ्यायचा आणि शिव्या द्यायचा."

मी चष्मा घातला. पेटीत टॉम रॅफ्टरी नव्हता.

"माफ करा," मी म्हटलं, "माझी चूक—"

"चूक कसली? खुर्ची दिलीत ना? मी घेते." मॅमी हॅगर्टी तिचं नाव. "तो आता खिडकी लावायला नाहीये."

आम्ही दोघी तिथे पेटीशेजारी हसलो, कॉन. मी तिला यूजीनची खुर्ची दिली, माझ्या शेजारची. चार वर्षं त्यावर कोट ठेवत होते.

मी निघणार तेवढ्यात दारात गडबड झाली. एक म्हातारा आत आला, उन्हाळी शर्ट, हातात प्रवासाची बॅग तशीच, थेट विमानतळावरून. रांग आपोआप बाजूला झाली. तो पेटीपाशी उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "ऊठ रे. माझा मोठा पाना तुझ्याकडे आहे, एकावन्न सालापासून." सगळे हसले. मग त्याने बॅग खाली ठेवली, आणि वाकून कपाळ मेलेल्याच्या हातांवर टेकलं.

मॅमी मला म्हणाली, "त्याचा भाऊ. सात वर्षं बोलत नव्हते. काल सकाळी फोन केला, आज आला. बोलावलं की येतात ना."

मी टॉम रॅफ्टरीकडे न जाताच घरी आले. उद्या जाईन.

आज एवढंच.

रोझलीन

*

रविवार, २७ मार्च, झावळ्यांचा रविवार

कॉन,

चर्चमधल्या मिस्साहून आले, अंगातला कोटही काढलेला नाही. आता लिहिलं नाही तर होणार नाही.

पहिल्या पत्रात मी तुला त्या सकाळचं अर्धंच सांगितलं. निकाल ऐकून यूजीन रागाबद्दलची ती थट्टा बोलला हे खरं. त्यानंतर त्याने माझं मनगट धरून म्हटलं, "रोझ, कॉनला बोलाव. आता."

मी म्हटलं, "करते तार."

मी खाली आले, भांडी घासली, डबे पुसले. तार केली नाही.

संध्याकाळी त्याने विचारलं, मी म्हटलं, "केली." तो नऊ दिवस जगला. खाली दार वाजलं की उशीवरून मान उचलायचा. एकदा दूधवाला होता, एकदा पाद्री. आठव्या दिवशी म्हणाला, "समुद्रावर वादळ असेल, विमानं थांबली असतील." तो तुझी बाजू घेत होता, कॉन. माझ्यापुढे.

तू आलास तो बर्नडेटचं पत्र मिळाल्यावर, दफन होऊन सहा दिवस झाले होते. दारात तू विचारलंस, "त्याने मला बोलावलं नाही?" आणि मी म्हटलं, "नाही." तू चहासुद्धा न घेता परत गेलास. घरच्यांना वाटतं, तुला कळवलं होतं आणि तू उशिरा आलास. मी ते तसंच वाटू दिलं.

का केलं, तेही लिहिते. यूजीनने तुला प्रशिक्षकपदावरून काढलं त्या वर्षी तू याच स्वयंपाकघरात म्हणाला होतास, "गिरणीतली पोरगी आता संघ चालवणार." ते मी आठ वर्षं जपून ठेवलं होतं. पण तेवढंच असतं तर मी तार केली असती. खरं असं की तू आला असतास तर तुम्ही दोघं भाऊ लहानपणाचं बोलत बसला असतात, बाबा, शवांच्या गाड्या, गोठलेली नदी, आणि मी चहा ठेवत राहिले असते. मला ते नऊ दिवस माझ्यापुरते हवे होते. मिळाले. आणि त्यातला एकही चांगला गेला नाही.

हे मी तुझ्या मतासाठी लिहितेय असं तुला वाटेल. मलाही तशी शंका येते. मत द्यायला ये किंवा येऊ नकोस, त्याने तुला बोलावलं होतं, हे तुला माहीत असायला हवं.

आजच पोस्टात टाकता येत नाही. उद्या खिडकी उघडली की पहिली मीच.

रोझलीन

*

शुक्रवार, ८ एप्रिल

कॉन,

तीन-दोन! जादा वेळेत! उपांत्य फेरी!

शेवटची चार मिनिटं आपला एक खेळाडू कमी, आणि व्होइचिक बर्फावर आडवा पडून, चकती पोटाखाली, वर तिघं कोसळलेले. पंच शिट्टी मारेना! बर्नडेट जपमाळ गरागरा फिरवत होती, दोरी टाकून जनावर धरायचं असावं तशी. मॅमी हॅगर्टी, जिने आयुष्यात पहिल्यांदा सामना पाहिला, ती खुर्चीवर चढून ओरडली, "अहो, शिट्टी फुंका की! ती काय गळ्यात दागिना म्हणून घातलीय?" सगळा विभाग हसला, आणि त्याच हसण्यात शिट्टी वाजली.

मग जादा वेळेत आपला गोल झाला. कसा झाला ते मी पाहिलंच नाही, माझं तोंड मॅमीच्या कोटात होतं.

बाहेर लोक एकमेकांच्या गाड्यांच्या टपांवर ढोल वाजवत होते. डेझमंड दाराशी उभा होता, हातात टोपी. मी पाहिलं, त्याचे डोळे ओले होते. मी म्हटलं, "अजून विकायचाय?" तो म्हणाला, "रोझ, छप्पर या वर्षी जिंकलं म्हणून गळायचं थांबत नाही." आणि मग, "पण काय सामना होता!"

तुझं उत्तर नाही. आता मी ते मागणारही नाही. टेबल पुढच्या शनिवारी, दुपारी दोनला.

रोझलीन

*

सोमवार, १८ एप्रिल

कॉन,

जे झालं ते तुला ठाऊक आहे, तू तिथे होतास. तरी मी माझ्या बाजूने लिहिते. तू थांबला नाहीस, त्यामुळे पुढचं तुला ठाऊक नाही.

दोनला पाच मिनिटं असताना डेझमंडने घड्याळ टेबलावर ठेवलं. बर्नडेट डोळे मिटून बसली होती. मागचं दार उघडलं आणि तू आत आलास, ओला कोट, दाढी पांढरी झालेली, आणि पाय पुसलेस. तो सगळा हंगाम मला लहान वाटला.

बर्नडेट उठून तुझ्या गळ्यात पडली. डेझमंड जागचा हलला नाही.

"आलास," तो म्हणाला. "भाऊ मरत होता तेव्हा विमान मिळालं नाही. विक्रीला बरं मिळालं."

तू माझ्याकडे पाहिलंस. एकदाच. मला वाटलं, आता हा सांगणार. तू काहीच बोलला नाहीस. खुर्ची ओढून बसलास.

आणि मीही बोलले नाही, कॉन. ते वाक्य माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. मी मनाशी हिशोब केला: आत्ता सांगितलं तर टेबल मोडेल, मतं राहतील बाजूला, डेझमंड म्हणेल हिने लाच म्हणून सांगितलं. हे सगळं खरं होतं. आणि मला भीती वाटत होती, हेही खरं होतं. ज्याला मी चार वर्षं दोषी राहू दिलं, त्याला आणखी एक तास राहू दिलं.

डेझमंड: हो. बर्नडेट: हो, रडत. मी: नाही. मग तू. "नाही."

डेझमंडने घड्याळ खिशात ठेवलं. बर्नडेट म्हणाली, "झालं. आता माझी नऊ पोरं कुठे झोपवू, ते दोघं मिळून सांगा."

तेव्हा तू म्हणालास ते मला कधीच सुचलं नसतं. "बाबांनी चर्चच्या छपरासाठी केलं होतं तसं कर, बर्नी. हंगामातल्या पाच सामन्यांची कमाई तुझी. तिकिटं, पॉपकॉर्न, सगळं. दर वर्षी. हे कागदावर आणा, मी आत्ता सही करतो."

"पाच?" डेझमंड म्हणाला. "आणि कुठले पाच? हरणारे?"

"व्होइचिक असेपर्यंत हरणारे पाच सापडणार नाहीत," बर्नडेटने नाक पुसत म्हटलं, आणि डेझमंड हसला. मी त्याला दोन वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं. कागद त्यानेच लिहिला, वकिली अक्षरात, आणि चौघांनी सह्या केल्या. वॉर्ड एका वर्षात होणार नाही. चार-पाच लागतील. बर्नडेटला ते ठाऊक होतं, तरी तिने सही केली.

मी तुझ्यामागे दाराशी आले. टॅक्सी उभी होती.

"पत्रं मिळाली?" मी विचारलं.

"सगळी."

"मग?"

"मग काय, रोझ. मत त्याला दिलं, तुला नाही दिलं." तू कॉलर वर केलीस. "तो नऊ दिवस मान उचलत होता, ते तू लिहिलं नसतंस तर बरं झालं असतं. आणि लिहिलंस तेही बरं झालं. दोन्ही एकदम कसं वाटायचं, ते मला अजून जमत नाही."

"डेझमंडला सांगितलं का नाहीस?"

"ते माझं नव्हतं सांगायचं."

तू दफनभूमीकडे गेलास, मग विमानतळावर. मी दारातच उभी होते. शेजारच्या अंगणात कुणीतरी ओरडून निकाल कळवत होतं, "राहिले! ब्रेकर्स राहिले!" आणि एकेक दार उघडत गेलं, रस्ताभर.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी डेझमंडला आणि बर्नडेटला जेवायला बोलावलं. बटाटे वाढायच्या आधी उभी राहिले आणि सांगितलं की यूजीनने तुला बोलावलं होतं आणि मी तार केली नव्हती.

रोझलीन